उचलणारीची कंबर

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगरापलीकडच्या एका राज्यात, नदीकाठच्या गावात तुळसा नावाची बाई राहत होती. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं करायचं, हे तिचं काम. त्यांना उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, कूस बदलून द्यायची.

तिच्या हाताने दुखणेकऱ्यांना बरं वाटे. तिला स्वतःला मात्र कित्येक वर्षांत बरं वाटलं नव्हतं. कमरेतून कळ निघे आणि मांडीवरून पार घोट्यापर्यंत जाई. सकाळी उठून बसायचं, तर आधी मनाची तयारी करावी लागे. हे ती कोणालाही सांगत नव्हती. कंबर गेलेल्या बाईला कामाला कोण बोलावणार?

तिच्या कामाच्या घरांपैकी एक घर रायाजी पहिलवानाचं. त्याची डावी बाजू लुळी पडली होती, पण देह अजून पहिलवानाचाच होता. एका बाईने आपल्याला उचलावं, याची त्याला लाज वाटे. तिने हात घातला, की तो डोळे मिटून अंग सैल सोडी. सगळा भार तिच्या कमरेवर येई.

एका सकाळी त्याला खाटेवरून उठवताना तिच्या कमरेत अशी कळ आली, की पायच गेला. तिने त्याला सोडलं नाही. धरूनच ती खाली बसली आणि दोघंही जमिनीवर आले. रायाजीला फारसं लागलं नाही, पण तुळसाला उठता येईना. रडण्याचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"कंबर ना?" रायाजीने विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

"मला उचलताना तू श्वास कोंडून धरतेस. आखाड्यात आयुष्य गेलं माझं. दुखऱ्या माणसाचा श्वास मला कळतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तू यायची थांबली असतीस. मग माझं कोणी केलं असतं? तू पोटासाठी लपवलंस आणि मी माझ्या सोयीसाठी गप्प बसलो."

"थकले मी, बाबा," तुळसा म्हणाली. इतक्या वर्षांत हे तिने पहिल्यांदाच कोणाला सांगितलं होतं.

रायाजीने सुनेला, सगुणाला, हाक मारली. तिने दोघांना उठवलं. मग वाळू गरम करून फडक्यात बांधली आणि तुळसाची कंबर शेकली. दुसऱ्या दिवशी रायाजीने आढ्याला दोर बांधून घेतला.

"माझा उजवा हात अजून चालतो," तो म्हणाला. "मी दोर ओढतो, सगुणा पलीकडून धरेल. तू कमरेतून वाकू नकोस, गुडघ्यात वाक. मला छातीशी धर आणि उठवताना श्वास सोड. काम झालं, की पाठ टेकून बस. लगेच पुढच्या घरी पळू नकोस."

तुळसाने मग सगळ्याच घरी खरं सांगितलं. बहुतेकांनी हात लावायचं कबूल केलं. एका घरचा मुलगा मात्र म्हणाला, "मग आम्ही दुसरी बाई बघतो." ते घर सुटलं. तुळसाला ते फार लागलं.

त्या घरी दुसरी बाई आली. थंडी सरेपर्यंत तिचीही कंबर धरली आणि ती घरी बसली. त्या घरची म्हातारी एकाच कुशीवर पडून राहू लागली. तिच्या पाठीला जखमा झाल्या.

हे कानावर येताच तुळसा आधी त्या बाईकडे गेली. तिला शेक दिला, वाकायचं कसं ते दाखवलं. ती हिंडूफिरू लागल्यावर दोघी मिळून म्हातारीच्या घरी गेल्या. मुलगा दारातच उभा होता. तो बाजूला झाला, त्यांच्यामागून आत आला आणि आईच्या पलीकडच्या बाजूला जाऊन त्याने हात घातला.

तुळसाचं दुखणं पुरतं कधीच गेलं नाही. थंडीत कंबर ठणके. काही सकाळी उठणं नकोसंच होई. पण तशा दिवशी ती सांगे, "आज माझ्याच्याने एकटीने होणार नाही," आणि कोणी ना कोणी पुढे येई.

तात्पर्य: उचलणाऱ्याच्या कमरेची काळजी ज्याला उचलायचं त्याने आणि त्याच्या घरच्यांनीही घ्यावी, नाहीतर दोघंही जमिनीवर येतात.