मेणाची एकच नळी

“आणि तुम्ही गेलात म्हणजे ते पद कुणी म्हणायचं?”

श्रीरंग कारखानीसने शेवटी विचारूनच टाकलं.

सोनगीरबुवा मठाच्या पडवीत बसून एकतारीची तार पुसत होते. त्यांच्या गुरूने त्यांना एक पद दिलं होतं. ते कुठे छापलेलं नव्हतं, दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, आणि बुवांनी ऐंशी कधीच ओलांडली होती.

“ज्याला ऐकू यील त्यो म्हनंल,” बुवा म्हणाले.

“सहा वर्षं मागतोय मी. मला द्या.”

“कान तयार न्हाई तुझा.”

हे उत्तर श्रीरंगला पाठ होतं, तरी दर खेपेला ते जिव्हारी लागायचं. गावातले लोक सांगत, बुवा ते पद येताजाता गुणगुणत असतात. आपल्यासमोर मात्र बुवांनी कधी ओठ हलवला नाही, असं श्रीरंगचं ठाम मत होतं. आणि कान तयार नाही म्हणजे काय? पुण्याच्या त्याच्या घरात जुन्या ग्रामोफोनांनी दोन खोल्या भरल्या होत्या. आलेल्या पाहुण्याला कर्णे चुकवत कोचापर्यंत पोचावं लागे. लिलावात एकदा याचा हात वर गेला की खाली यायचं नाव नाही. असल्या माणसाचा कान तयार नसेल तर मग कुणाचा असणार?

पण आज तो रिकाम्या हाताने आला नव्हता. गाडीतून एक लाकडी पेटी त्याने स्वतः उचलून टेकडीवर आणली होती. धापा टाकत त्याने ती बुवांपुढे ठेवली आणि झाकण काढलं.

“गानं वाजिवतो व्हय ह्यो?”

“वाजवतो, आणि टिपूनही घेतो. हा फोनोग्राफ. ग्रामोफोनच्याही आधीचा. याच्यासमोर तुम्ही म्हणायचं. ही मेणाची नळी फिरते, सुई तुमचा आवाज तिच्यात कोरते. मग तो माझ्याजवळ राहील, बुवा. कायमचा.”

“न्हाई नीट आला तर?”

“यायलाच हवा. कोरी नळी एवढी एकच आहे. बाकीच्यांना बुरशी लागली. दुसरी आता मिळायची नाही.”

त्याने चावी दिली, कर्ण्याचं तोंड बुवांच्या तोंडाशी आणलं आणि जीव मुठीत धरून सुई टेकवली.

“म्हणा.”

बुवा कर्ण्याकडे बघत राहिले.

“ह्याला काय म्हनत्यात?”

“कर्णा. म्हणा ना, बुवा.”

“नाव तर कानाचं दिसतंय… कुठनं आनलास?”

झालं. वस्तू कुठून आणली, असं विचारल्यावर गप्प बसलेला संग्राहक अजून जन्माला यायचाय. श्रीरंग पेटीवर वाकला. सुईपुढे साचणारा मेणाचा भुगा हलकेच फुंकत तो बोलू लागला.

“मुंबईच्या लिलावात. कुठल्याशा संस्थानिकाचं सामान निघालं होतं. कलकत्त्याचा एक व्यापारी असा हटून बसला की विचारू नका. मी हात वर केला की तो करायचा. सगळा हॉल आमच्याकडे बघत होता. पण मीही हात खाली घेतला नाही. म्हटलं, हा फोनोग्राफ ओळखणारा माणूस या हॉलमध्ये एकच आहे…”

असं बरंच काही. यंत्र घरघरत होतं, भुगा उडत होता, आणि व्यापारी काही केल्या हरत नव्हता.

खर्र… सुई नळीच्या टोकाला आली.

श्रीरंगने वर पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“बुवा… नळी संपली.”

“संपली व्हय.”

“तुम्ही म्हटलंच नाही! माझीच बडबड कोरली गेली त्यात.”

“मग ती तरी ऐक. कदी ऐकलीयस?”

श्रीरंगला रडू यायचंच बाकी होतं. त्याने मुकाट्याने सुई बदलली आणि पुन्हा चावी दिली.

कर्ण्यातून त्याचाच आवाज आला. बारीक, नाकातला, तोऱ्यात चाललेला. मी हात वर केला… मी म्हटलं… मीच. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस जरा थांबत का नाही, असं त्याला वाटलं.

आणि तो माणूस श्वास घ्यायला थांबला.

त्या तेवढ्या फटीत काहीतरी होतं.

श्रीरंग पुढे सरकला. मग आणखी वाकला. शेवटी त्याने कर्ण्याच्या तोंडात कानच घातला.

त्याच्या बडबडीच्या खालून एक ओळ संथपणे चालली होती. वर चढत होती, एका सुरावर जराशी थबकत होती, आणि घरी परतावं तशी खाली येत होती. पुन्हा तीच. पुन्हा तीच. त्याची गोष्ट सुरू झाल्यापासून नळी संपेपर्यंत.

सुई उचलली गेली तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

“तुम्ही म्हणत होतात…”

“हां.”

“केव्हापासून?”

“तू हितं यायला लागलास, तवापासनं.”

श्रीरंगचा हात सुईकडे गेला.

“पुन्हा लावतो.”

“मेन झिजत न्हाई?”

“झिजतं. दर वेळी थोडं थोडं.”

“मग ऱ्हाऊ दे त्येला.”

बुवांनी एकतारी मांडीवर घेतली. तार छेडली, जराशी पिळली, पुन्हा छेडली.

“बरं… त्या कलकत्तेवाल्याचं फुडं काय झालं?”

श्रीरंगने तोंड उघडलं. गोष्ट अगदी रंगात येऊन तुटली होती, आणि शेवट तर त्याच्या विजयाचा होता.

त्याने तोंड मिटलं. कर्णा उचलून बाजूला ठेवला आणि बुवांच्या पुढ्यात मांडी घालून बसला.

बुवांनी डोळे मिटले.

“पैली ओळ पोचली,” ते म्हणाले. “आता दुसरी ऐक.”