शेठच्या घरची माणसं

लग्नाची हळद उतरली नव्हती तोच मी सासूबाईंबरोबर आरोलकर शेठच्या कारखान्यात काजू सोलायला जाऊ लागले. सरकारने किमान मजुरी वाढवली होती, पण शेठ ती देत नव्हते. विषय काढला की हात जोडून म्हणायचे, "अगं, तुम्ही मजूर कुठे? माझ्या घरच्याच ना! घरात कुणी मजुरी वाढवून मागतं का?" बायका पुन्हा काजू सोलू लागायच्या.

एका दुपारी सासूबाई सगळ्यांना घेऊन शेठच्या पडवीत पंगत धरून बसल्या. मला पुढे करून त्यांनी आत शेठच्या बायकोला हाक मारली, "वहिनी, घरात नवी सून आलीय! साडी देऊन ओटी भरा. आणि आमची पानं वाढा. या शेवंताचीही सून यायचीय हो, तिलाही साडी लागेल!"

शेठ धावत आले. "सत्यवती, हे काय? तुम्ही कारखान्यातल्या मजूर आहात!"

"हेच ऐकायला आले होते," सासूबाई उठल्या. "मग मजुरांची आहे ती मजुरी द्या."

शेठ सगळ्यांसमोर बोलून बसले होते. वाढीव मजुरी द्यावीच लागली.

वहिनींनी हसत माझी ओटीही भरली.

मला जन्मापासून बोलता येत नाही, याची माहेरी आईला फार काळजी. तिला कळवलंय, आता काळजी सोड. देवाने मला सासू दिलीय.