टिटवीबाईंचा पट

माणसानं माळावर अजून नांगर घातला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. तिथं टिटवीबाईंची शाळा भरायची. लावे, तितर, चंडोल अशी मिळून एकोणीस पिल्लं. पटावरच्या दर पिल्लामागे रानसभा रोज चोचभर दाणे पाठवी आणि त्यावर पोरांची दुपार भागे.

एकदा सारससाहेब तपासणीला आले. पाहतात तो माळ मोकळा. त्यांनी तासभर गवत धुंडाळलं, दगड पाहिले. "बाई, पोरं कुठायत?"

टिटवीबाईंनी वर पाहिलं. उंचावर घार फिरत होती. बाईंचा आवाज आला की लपलेल्या पोरांनी बाहेर यायचं, हा शाळेचा नियम. म्हणून बाई गप्प राहिल्या.

"पट शून्य," असं म्हणत साहेबांनी पानावर शेरा लिहिला. "उद्यापासून दाणे बंद."

तरीही बाईंनी चोच उघडली नाही. घार टेकडीपलीकडे गेली, तेव्हाच त्यांनी हाक दिली. गवतातून, दगडांमधून एकोणीस पिल्लं उठली. एक तर साहेबांच्या दोन पायांच्या मधोमध बसलं होतं.

साहेबांनी एक पाय जपून बाजूला घेतला. मग त्यांनी शेरा खोडून नवा लिहिला. 'तासभर शोधूनही एकही विद्यार्थी सापडला नाही. शाळा उत्तम. दाणे वाढवून द्यावेत.'

"फार उपकार झाले, साहेब," बाई म्हणाल्या.

"उपकार तुमचेच, बाई," साहेबांनी लांब मान खाली झुकवली. "उद्या माझी दोन पाठवतो. त्यांना घ्याल ना?"