कप्तान रेबोयो आणि चिकटणारा मासा

बाळांनो, दुसऱ्याच्या हातचे अन्न खाऊन त्याचे उपकार मानायला माणसाला किती श्रम पडतात? एकदा काय झाले, एका कप्तानाला तेवढे श्रमही जड वाटले.

पश्चिमेच्या समुद्रात एक बेट होते. तेथे यारिमा नावाची वृद्ध कोळीण राहत असे. तिच्यापाशी एक मासा होता. त्याच्या डोक्यावर चकती होती; ती जेथे टेके, तेथे तो घट्ट चिकटे. यारिमा त्याच्या शेपटीला दोरी बांधून त्याला पाण्यात सोडी. मासा कासवाला चिकटला की ती दोरी ओढी. मग पहिला घास त्याला भरवी आणि म्हणे, "दमलास रे बाबा. तुझे उपकार." तेव्हाच तो कासवाला सोडी, बरं का. त्यावर सारा गाव जेवे.

मग स्पेन देशाचे गलबत आले. त्यातल्या खलाशांच्या शिदोरीत किडे पडले होते. यारिमाने खलाशांना जेवू घातले, कप्तान रेबोयोला जेवू घातले. कप्तान जेवला, हात पुसले आणि मासाच उचलून निघाला.

"तो नेलास तर गावातली पोरे काय खातील?" यारिमाने विचारले.

"समुद्र काय आटला आहे, म्हातारे?"

"बरे. निदान त्याला घास दे, उपकार मान."

"माशाचे? उद्या वल्ह्यालाही नमस्कार करायला सांगशील."

बेटाजवळच कप्तानाने तीन कासवे धरली. माशाला घास नाही, शब्द नाही; दर वेळी त्याला कासवावरून हिसकून काढले. तिसऱ्या कासवानंतर मासा दोरी तोडून गेला आणि गलबताच्या बुडाला चिकटला.

मग शिडे उभारली; गलबत हलेना. होड्या जुंपून ओढले, हलेना. नांगराचा दोर तोडला, तरी हलेना.

खलाशी घाबरले. किनाऱ्यावर उभ्या यारिमाला ओरडून म्हणाले, "मावशी, आमच्या वतीने तुम्हीच बोला त्याच्याशी."

"देवाने तुम्हालाही तोंड दिले आहे," यारिमा म्हणाली.

खलाशांनी पाण्यात घास टाकले, उपकार मानले. गलबत डुलले. कप्तान मात्र गप्प राहिला, आणि गलबत पुन्हा थिजले.

"कप्तानसाहेब, एक शब्द," खलाशी विनवू लागले.

"माझ्याच्याने होणार नाही."

मग खलाशांनी त्याला किनाऱ्यावर उतरवले. त्याच क्षणी गलबत सुटले. मासा यारिमाकडे परतला, पोरे पोटभर जेवली, खलाशी आपापल्या घरी पोचले. ईश्वराच्या कृपेने सारे सुखात राहिले. आता त्याचे नाव घ्या आणि डोळे मिटा.

कप्तानाचे विचाराल, तर मरेपर्यंत त्याने यारिमाची होडी वल्हवली. स्पेनचा किनारा त्याला पुन्हा दिसला नाही.