वाईट नाही

एका गावात, वेंगुर्ल्याच्या जरा अलीकडे, एक भोळा आचारी होता. नाव धाकू. आईला एकच घोर, याचं लग्न. भिकाजी गावडे आपली मथुरा द्यायला तयार होता, पण म्हणाला, आधी पोरगा मोठ्या माणसांत वावरून शहाणा होऊ दे. झालं, धाकू शहाणा व्हायला निघाला.

पहिली नोकरी इंग्रज साहेबाकडे. धाकूने सुरमईची आमटी केली. साहेबाने तीनदा मागून घेतली आणि म्हणाला, "वाईट नाही."

धाकू बिचारा कष्टी झाला. वाईट नाही, म्हणजे चांगलीही नाही. उरलेली आमटी त्याने परसात ओतली. संध्याकाळी पातेलं रिकामं पाहून साहेब शांतपणे म्हणाला, उद्या आला नाहीस तरी चालेल. चालेल म्हणाला खरा, पण धाकूला घरी करमेना. तो पहाटेच हजर.

साहेबाच्या बटलरने त्याचं गाठोडं हातात दिलं आणि समजावलं. साहेब लोक तोलून बोलतात. वाईट नाही म्हणाले की जीव ओवाळून टाकला समज. थोडं म्हणाले की चौपट धर.

धाकूने ते गाठीला बांधलं आणि पणजीला एका पोर्तुगीज बाईकडे लागला. बाईच्या तोंडी सगळंच इवलं. म्हणाली, "मला इवलीशी कॉफी दे." धाकूने हिशोबाने हंडाभर उकळली. दोघांनी उचलून आणली, बाईच्या गालिच्यावर सांडली.

तिथला म्हातारा आचारी कायतान कपाळाला हात लावून म्हणाला, अरे, बाई लाडाने लहान बोलते. खानदानी माणूस काहीच मोठं करून सांगत नाही. धाकूला हेही पटलं. त्याला सगळंच पटायचं.

महिन्याभरात दोन नोकऱ्या घालवून तो परतला. गावाला वाटलं, केवढा अनुभव! भिकाजी स्वतः नारळ घेऊन त्याला आपल्या घरी बोलवायला आला. मथुरा गूळपाणी घेऊन बाहेर आली. धाकूने इतकी देखणी मुलगी जन्मात पाहिली नव्हती. पंचवीस पाहुण्यांसमोर भिकाजीने विचारलं, मुलगी कशी वाटली?

धाकूने जीव ओवाळून टाकला. म्हणाला, "वाईट नाही."

घरी आला तेव्हा कपाळावर नारळाएवढं टेंगूळ होतं. आई धावत आली, काय झालं म्हणून विचारू लागली.

"काही नाही गं आये," धाकू खानदानी आवाजात म्हणाला, "लग्न जरासं मोडलं."