पुस्तकात नसलेली आई

"आईचा मुलीवर हक्क असतो, हे कायद्याच्या कोणत्या पानावर लिहिलंय?" न्यायाधीश धुंडिराजशास्त्र्यांनी विचारलं.

समोर उभी असलेली गोजरा गावकुसाजवळ टोपल्या विणून पोट भरणारी बाई. चार दिवसांपूर्वी सरदार रणधीररावांच्या पत्नीची पालखी तिच्या दारावरून गेली. अंगणात खेळणारी चार वर्षांची सोनकी सरदारीणबाईंना आवडली. आवडली, म्हणून उचलून पालखीत घातली. मोठ्या माणसांची आवडही मोठी!

"पान कशाला लागतंय, शास्त्रीबुवा? नऊ महिने पोटात वाढवलीय मी तिला!"

"पोट हा पुरावा नव्हे," शास्त्री म्हणाले. "कायद्यात आहे का, एवढंच मी बघतो."

टाकळगडात त्या काळी न्याय फार झाला होता. भूपतराजांनी जुन्या सगळ्या रीती मोडीत काढून बाराशे कलमांचा ग्रंथ लिहवून घेतला होता. वरातीत सनया किती असाव्यात, म्हशींनी रस्त्याच्या कोणत्या कडेने चालावं, सगळं त्यात होतं. म्हशींनी तो अजून वाचला नव्हता, एवढीच काय ती उणीव. आणि राजांचा हुकूमच होता, 'जे पुस्तकात नाही, ते राज्यात नाही.' शास्त्र्यांनी हा ग्रंथ अकरा वेळा वाचला होता आणि तेवढ्या वेळात मान वर करून माणसांकडे एकदाही पाहिलं नव्हतं. म्हणून तर ते मुख्य न्यायाधीश झाले होते.

गोजरा थेट राजांपुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझी पोर मला द्या. तिच्यावर माझा हक्क आहे. तो कुणी दिलेला नाही. तो आहेच!"

भूपतराजे तक्क्यावर रेलले. "कुणी न दिलेला हक्क? अगं, या राज्यातला प्रत्येक हक्क आम्ही दिलाय. श्वास घ्यायचा हक्क तेवढा लिहायचा राहिलाय, पण आम्ही अजून कुणाला अडवलं नाही!"

"उपकार आहेत महाराजांचे!" दरबारी एका सुरात म्हणाले आणि सगळ्यांनी एकेक मोठा श्वास घेतला.

"बरं," राजे म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत मुदत. कुठल्याही राजाने न दिलेला, पुस्तकात न लिहिलेला, तरीही आम्हाला कबूल असलेला असा एक हक्क दाखव. एकच! नाहीतर पोर सरदारांकडेच राहील."

दरबार हसला. कबूल करायचं ते राजांनीच, मग हरणार कोण?

गोजरा घरी आली. त्या संध्याकाळी तिने विणायला घेतलं खरं, पण बांबूची कामटी बोटात शिरली तरी तिला कळलं नाही. सोनकी तिकडे कुणाच्या हातून जेवली असेल, जेवली तरी असेल का, हेच डोक्यात. रडून झालं. मग तिला राग आला, आणि रागावली की गोजराचं डोकं फार छान चालायचं.

दुसऱ्या दिवशी दरबार खचाखच भरला. सरदारीणबाई नटूनथटून आल्या होत्या. त्यांच्या शेजारी रेशमी परकरात गुदमरलेली सोनकी होती. आईला बघताच तिने हात पुढे केले. सरदारीणबाईंनी ते खाली केले.

गोजरा शास्त्र्यांकडे वळली. "शास्त्रीबुवा, ग्रंथाचं पहिलं पान वाचा."

शास्त्री खुशीत आले. त्यांना कधी कुणी वाचायला सांगत नसे. ते न सांगताच वाचत. "कलम पहिलं! कायदा लिहिण्याचा अधिकार फक्त महाराजांचा!"

"महाराज, ही ओळ लिहवून घेतलीत, तेव्हा पुस्तक कोरं होतं ना?"

"अर्थात! पहिलीच ओळ ती."

"मग कोऱ्या पुस्तकात पहिली ओळ लिहायचा हक्क कोणत्या पानावर होता?"

शास्त्री पानं उलटू लागले. पुढून, मग मागून.

राजे भडकले. "पान कसलं शोधता? आम्हाला पान लागत नाही! तो हक्क आम्हाला कुण्या राजाने दिला नाही, की पुस्तकाने दिला नाही. आम्ही तो जन्मतःच घेऊन आलोय!"

"मिळाला!" गोजरा टाळी वाजवून ओरडली. "राजाने न दिलेला, पुस्तकात नसलेला, आणि महाराजांनी भर दरबारात कबूल केलेला!"

शास्त्री घाईने उठले. "हरकत! हा महाराजांचा हक्क झाला. त्यात आईचा काय संबंध?"

"जन्मतः म्हणाले ना महाराज? जन्म पुस्तकाने दिला का? थोरल्या राणीसाहेबांचे पुत्र, म्हणून महाराज गादीवर आले. आता पोर आईचं असतं, हे पुस्तकात नाही. आणि पुस्तकात नाही ते राज्यात नाही. तर शास्त्रीबुवा, पान बघून सांगा, महाराज कुणाचे?"

शास्त्र्यांनी हळूच ग्रंथ मिटला. आईचे म्हणावं तर पुस्तक खोटं, कुणाचेच नाहीत म्हणावं तर राजा बेवारस!

मग भूपतराजे एकदम खो खो हसत सुटले. हसता हसता त्यांच्या डोक्यावरचा मंदील डोळ्यांवर आला.

"सरदारीणबाई, सोडा त्या पोरीला!"

सोनकी धावत आली आणि आईच्या पदरात शिरली. गोजराने आधी तो रेशमी परकर उतरवून सरदारीणबाईंच्या पायाशी ठेवला.

"शास्त्री, लेखणी घ्या," राजे डोळे पुसत म्हणाले. "आईचा मुलांवर हक्क आहे. घाला कलम!"

"नको, महाराज!" गोजरा म्हणाली. "तुम्ही लिहिलंत, तर उद्या दुसरा कुणी खोडेल. जे कुणी लिहिलंच नाही, ते खोडणार कसं?"

राजे आणखी हसले. "बाई, तुला बक्षीस म्हणून नदीकाठचं सगळं वेळूचं बन दिलं! तेही लिहायला नको ना?"

"अगं बाई! ते लिहा, महाराज!" गोजरा सोनकीला कडेवर घेत म्हणाली. "ते बन मी काही पोटातून आणलेलं नाही. ते तुम्ही दिलंत, म्हणून लिहून द्या. आणि खाली शिक्का मारा, दोनदा!"

भूपतराजांनी पोट धरून हसत दोनदा शिक्का मारला.