मैनाची लाल चांदणी

ऐका हं पोरांनो, एकदा काय झालं, एका राजाला मुलगी झाली. नाव ठेवलं मैनावती. त्या राज्यात रीतच होती, बारशाला बाळाला नावासोबत एक चांदणीही द्यायची. राजाच तो! सगळ्यात मोठी, सगळ्यात झगझगीत चांदणी त्यानं मैनाला देऊन टाकली. जशी काही याच्या घरचीच!

मैना शाळेत जायला लागली. आणि बरं का, एका संध्याकाळी तिची चांदणी लालबुंद झाली. ज्योतिषी म्हणाले, "चांदणी गेली की राजकन्याही जाणार." झालं! राजानं मैनाला महालात कोंडलं. शाळा बंद, खेळ बंद. बिचारीला घास गिळवेना.

मग तिच्या शाळेतल्या गिरिजाबाई सगळी शाळाच घेऊन महालात आल्या. सोबत त्यांची टिटवी, तिच्या चोचीत आरसा. वर आभाळात जे दिसेल ते त्या आरशात तस्संच चिकटून राहायचं! ए पमे, गोष्ट चाललीय ना, पाय आवर, नीट ऐक.

टिटवी भुर्रकन वर गेली, परत आली. आरशात धुळीचे रंगीत ढग, आणि त्यात लुकलुकणारी चांदण्यांची बाळं. "चांदणी अशी जन्मते," बाई म्हणाल्या.

मग टिटवी पुन्हा गेली. आता आरशात मोठ्या झालेल्या चांदण्या. बाई म्हणाल्या, "लहानखुरी चांदणी बेतानं जेवते, म्हणून खूप जगते. थोराड चांदणी मात्र भारी खादाड! पोटातलं सगळं भराभर संपवते, मग म्हातारी होऊन लाल होते, फुगते."

"म्हणजे म्हातारी ती झालीय? मी नाही?" मैनानं विचारलं.

"तू कसली म्हातारी गं! तुझे अजून दुधाचे दात पडायचेत."

मुलं खो खो हसली. राजा मात्र खाली बघायला लागला. मोठीच हवी, हा हट्ट त्याचाच ना!

तेवढ्यात आभाळात लख्ख उजेड पडला. चांदणी फुटली! राजानं लेकीला घट्ट कवटाळलं. मैनानं डोळे मिटले. मग एक उघडला. मग दुसरा. आणि म्हणाली, "बाबा, मला भूक लागलीय."

राजा रडता रडता हसायला लागला.

टिटवी तिसऱ्यांदा गेली. आरशात फुटलेल्या चांदणीची धूळ, रांगोळीसारखी पसरलेली. "यातूनच नव्या चांदण्या होतील," बाई म्हणाल्या. "आपल्या अंगातसुद्धा अशाच जुन्या चांदण्यांची धूळ आहे बरं!"

मैनानं आपले हात उलटेसुलटे करून पाहिले, आणि अशी काही आनंदानं नाचली की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मैना शाळेत हजर. मागच्या ओळीत कोण बसलं होतं? राजा! आणि ज्योतिषी? ते अगदीच कच्चे, म्हणून बाईंनी त्यांना पुढ्यातच बसवलं.

मग सगळे मजेत राहिले, खूप शिकले. मिटा आता डोळे. चांदण्या जाग्या आहेत, त्या बघतील सगळं.